कान आणि कर्णा

ती काळी पट्टी औषधांच्या दुकानातून आणलेली होती. १९५१ सालची गोष्ट. शर्टाच्या जाहिरातीसाठी फोटो काढायचे होते आणि डेव्हिड ऑगिल्वी हा जाहिरातवाला न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओकडे निघाला होता. वाटेत तो एका दुकानात शिरला, डोळ्यावर बांधायची पट्टी विकत घेतली आणि काही फोटो ती बांधून काढायला सांगितले. मॉडेल होता जॉर्ज रँगेल, रशियन उमराव घराण्यातला, भारदस्त मिशीचा. त्याचे दोन्ही डोळे ठणठणीत होते. ‘द न्यूयॉर्कर’मध्ये ती जाहिरात झळकली आणि मेन राज्यातल्या वॉटरव्हिलची हॅथवे कंपनी, जी शंभराहून जास्त वर्षं गुपचूप शर्ट शिवत बसली होती, ती एकदम लोकांच्या तोंडी आली. या गृहस्थाचा डोळा कशानं गेला असेल? लढाईत? शिकारीत? बाईच्या भानगडीत? वाचक शर्ट सोडून डोळ्याचा विचार करत राहायचा आणि तेवढ्या वेळात शर्ट बघून व्हायचा.

मला या फोटोचं अप्रूप आहे ते वेगळ्याच कारणानं. हेरकथेच्या मुखपृष्ठावर शोभेल असा हा चेहरा ज्यानं घडवला, तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हेरखात्यात होता. आणि त्यानं जी खरी हेरगिरी केली, तीत या पट्टीइतकं नाट्य औषधालाही नव्हतं. टेबल, खुर्ची, तारा, आकड्यांचे तक्ते आणि टिपणं. बस्स.

इथं थोडं स्वतःबद्दल सांगतो, म्हणजे या माणसामागे मी का लागलो ते कळेल. उमेदीची काही वर्षं मी बाजारपाहणीच्या कामात काढली. छापील प्रश्नावली घेऊन लोकांच्या दारात उभं राहायचं, प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, चौकटीत खूण करायची. पहिल्याच आठवड्यात एका घरी गृहस्थांनी दारात उभं राहून सगळी उत्तरं दिली. घरातल्या खरेदीबद्दलचे प्रश्न होते, तरी देत राहिले. मागे त्यांची बायको उभी होती. आत फोन वाजला, ते गेले, तशी ती पुढे येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “आत्ता लिहिलंत ना, ते सगळं खोडा.” आणि अर्ध्या मिनिटात तिनं भराभर खरी उत्तरं दिली. गृहस्थ परत आले तेव्हा ती पुन्हा मागे, तशीच उभी. मी ज्या कंपनीत होतो तिथल्या साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, भरलेला फॉर्म बदलायचा नाही, नियम आहे. मी बदलला नाही. ती चूक मला अजून टोचते. पण त्या दिवशी मला एक समजलं, की माहिती मिळवणं म्हणजे प्रश्न विचारणं नव्हे. कुणाला विचारतोय, कुणासमोर विचारतोय आणि उत्तर देणाऱ्याला कुणाच्या नजरेत बरं दिसायचंय, हे कळणं म्हणजे माहिती मिळवणं.

ऑगिल्वीचं चरित्र वाचताना हे मला पानोपानी भेटत गेलं.

त्याचा जन्म १९११ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या वेस्ट हॉर्सलीचा. बाप स्कॉटिश, दलालीच्या धंद्यात बसलेला, ग्रीक-लॅटिनचा व्यासंगी. शिक्षण शिष्यवृत्तीवर, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजपर्यंत पोचलं आणि १९३१ साली पदवीशिवायच संपलं. मग पॅरिसच्या हॉटेल मॅजेस्टिकच्या भटारखान्यात उमेदवारी. मग स्कॉटलंडमध्ये दारोदार अ‍ॅगा चुली विकणं. ही चूल गुस्ताफ डालेन या स्वीडिश नोबेलविजेत्या संशोधकाची. एका स्फोटात दृष्टी गेल्यावर घरी बसावं लागलं, तेव्हा त्याला तिची कल्पना सुचली. ओतीव लोखंडाची, अवजड, महाग आणि चोवीस तास गरम राहणारी. मंदीच्या काळात असली वस्तू विकायची म्हणजे तोंडाची वाफ दवडून भागत नाही. ऑगिल्वीला स्वयंपाकघराची बोली येत होती, हे त्याचं भांडवल. १९३५ मध्ये कंपनीनं त्याच्याकडून इतर विक्रेत्यांसाठी एक पुस्तिका लिहून घेतली. ‘फॉर्च्यून’ मासिकानं पुढे तिला विक्रीकलेवरची आजवरची सर्वोत्तम पुस्तिका म्हटलं. तिच्यातला मला आवडलेला सल्ला असा, की दार ठोठावण्याआधी घरातल्या माणसांची जमेल तितकी माहिती काढा. राहणी, व्यवसाय, छंद, मित्र, सगळं. त्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

तो तेव्हा २४ वर्षांचा होता आणि हेरगिरीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण ही ओळ हेरखात्याच्या पुस्तिकेत तशीच्या तशी खपून गेली असती.

पुस्तिका थोरल्या भावानं, फ्रान्सिसनं, स्वतःच्या जाहिरात एजन्सीत दाखवली. मॅदर अँड क्राउदर हे तिचं नाव. धाकटा भाऊ तिथं चिकटला आणि १९३८ साली एजन्सीला गळ घालून अमेरिकेला गेला. तिथं त्याला जॉर्ज गॅलप भेटला.

गॅलपचं नाव तेव्हा नुकतंच गाजलेलं होतं. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं तब्बल एक कोटी लोकांना नमुना-मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी जाहीर केलं, की रूझवेल्ट पडणार आणि लँडन येणार. गॅलपनं विचारलं ते त्या मानानं मूठभर लोकांना, सुमारे ५०,०००. पण ती मूठ विचारपूर्वक भरलेली होती. त्यात गावं होती, शहरं होती, गरीब होते, श्रीमंत होते, आणि ते देशात ज्या प्रमाणात आहेत त्याच्या जवळपास. साप्ताहिकाच्या याद्या मात्र टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या. मंदीतल्या अमेरिकेत ज्याच्या घरी फोन आणि दारात मोटार, तो रूझवेल्टवर खूश असण्याची शक्यता कमीच. शिवाय ज्यांना राग आलेला असतो तेच पत्र उलट टपाली पाठवतात. रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. साप्ताहिक दोनेक वर्षांत बंद पडलं.

एक कोटींना विचारून खोटं ठरायचं आणि पन्नास हजारांना विचारून खरं. ही गोष्ट मी कितीतरी नवशिक्यांना सांगितली आहे आणि दर वेळी ती सांगताना मला पहिल्यांदा ऐकल्यासारखा आनंद होतो.

ऑगिल्वीनं प्रिन्स्टनमध्ये गॅलपच्या हाताखाली काम केलं. चारशेहून जास्त देशव्यापी पाहण्या त्यानं हाताळल्या. बरंचसं काम हॉलिवूडसाठी. कुठल्या नटाचं नाव ऐकून लोक तिकीट काढतील, कुठल्या कथेला कुठलं शीर्षक चालेल, असल्या चौकश्या. त्याच सुमारास गॅलपची माणसं अमेरिकनांना युद्धाबद्दलही विचारत होती, आणि तिथं प्रश्नाच्या शब्दांची गंमत बघण्यासारखी आहे. जर्मनीविरुद्ध युद्धात उतरावं का, असं सरळ विचारलं की १९४१ च्या सुरुवातीलाही मोठं बहुमत ‘नाही’ म्हणायचं. पण युद्धापासून दूर राहणं महत्त्वाचं की युद्धात ओढले जाण्याचा धोका पत्करूनही इंग्लंडला मदत करणं महत्त्वाचं, असं विचारलं की बहुसंख्य लोक मदतीच्या बाजूनं उभे राहायचे. माणसं तीच, दिवस तेच. यातलं खरं मत कुठलं? दोन्ही. लोकांना लढायचं नव्हतं आणि इंग्लंड हरलेलंही नको होतं. एकटीदुकटी आकडेवारी ही गोष्ट सांगत नाही, दोन प्रश्न शेजारी ठेवले तरच दिसते.

लंडनमध्ये बसलेल्या सरकारला नेमकं हेच हवं होतं. अमेरिका युद्धात उतरेल की नाही यावर इंग्लंडचा जीव टांगलेला. तेव्हा अमेरिकन माणसाच्या मनात काय चाललंय हे जाणणारा, मनानं ब्रिटिश असलेला आणि गॅलपच्या कचेरीत बसलेला माणूस म्हणजे घबाडच. गॅलपच्या पगारावर असतानाच ऑगिल्वी ब्रिटिश सरकारला अमेरिकन जनमताबद्दल सल्ला देऊ लागला. त्यानं हे पुढे स्वतःच सांगितलं आहे, आणि सांगताना त्याला काही अवघड वाटल्याचं जाणवत नाही.

मला अवघड वाटतं. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. ज्या माणसानं अनोळखी पाहणीवाल्याला दारात उभं राहून मनातलं सांगितलं, त्यानं ते एका परक्या सरकारच्या हेरखात्यासाठी सांगितलं नव्हतं. हिटलर समोर असताना हा आक्षेप पुस्तकी वाटेल हे मला कळतं. तरीही पाहणीच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला तो गिळता येत नाही. उत्तर देणारा आपल्यावर विश्वास टाकतो, त्यावर तर सगळा डोलारा उभा असतो.

१९४२ मध्ये तो पूर्ण वेळ हेरखात्यात गेला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीच्या ३६ व्या मजल्यावर ब्रिटिश पासपोर्ट कंट्रोल ऑफिस होतं. ती पाटी. पाटीमागे ब्रिटिश सिक्युरिटी कोऑर्डिनेशन ही संघटना, आणि तिचा प्रमुख विल्यम स्टीफन्सन. हा कॅनडातल्या विनिपेगचा, पहिल्या महायुद्धातला वैमानिक, नंतर तारायंत्रावरून छायाचित्रं पाठवण्याच्या तंत्रातून आणि इतर उद्योगांतून गबर झालेला. गंमत बघा, पुढे उद्योजक होणाऱ्या हेराचा साहेब हा आधी उद्योजक होऊन मग हेर झालेला. मुलांसाठी गोष्टी लिहिणारा रोआल्ड डाल हाही पुढे याच संघटनेच्या कामात होता.

संघटनेचं एक प्रशिक्षण केंद्र कॅनडात, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी, व्हिटबी आणि ऑशवाच्या मधल्या शेतजमिनीवर होतं. कॅम्प एक्स. ते ६ डिसेंबर १९४१ ला सुरू झालं, पर्ल हार्बरच्या आदल्या दिवशी. तिथं ऑगिल्वीलाही धाडण्यात आलं. रस्त्यात माणसाचा पाठलाग कसा करायचा, पूल कसा उडवायचा, नुसत्या हातांनी माणूस कसा मारायचा, हे सगळं त्याला शिकवलं गेलं. इथपर्यंत वाचून आपण सावरून बसतो. आता पॅराशूट, आता मध्यरात्र. आणि तो परतला तो थेट टेबलावर. लॅटिन अमेरिकेतली आर्थिक माहिती गोळा करण्याचं काम त्याच्याकडे आलं.

हे काम म्हणजे काय, ते जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे, कारण युद्धाच्या गोष्टींत ते येतच नाही. जर्मनीला टँकच्या भागांना आकार द्यायला, तारा ओढायला औद्योगिक हिरे लागत. अंगठीतले नव्हेत, हत्यारांच्या टोकांना बसवायचे, मळकट, बारीक. कठीण पोलादासाठी टंगस्टन आणि व्हॅनेडियम लागे. प्लॅटिनम लागे, स्फोटकांसाठीचं नायट्रिक आम्ल बनवताना. यातलं बरंच दक्षिण अमेरिकेत निघे आणि चोरट्या वाटेनं तटस्थ जहाजांतून युरोप गाठे. तो माल पाठवणारे लोक खलनायकासारखे दिसत नसत. ते व्यापारी होते, ऑफिस, कारकून, बँक खातं असलेले. त्यांना बंदुकीनं मारायचं नव्हतं, धंद्यातून उठवायचं होतं. कोण कुणाला काय विकतो, पैसे कुठल्या बँकेतून जातात, कागदावर मालक कोण आणि खरा मालक कोण, हे शोधून नाव काळ्या यादीत घालायचं. अमेरिकेनं जुलै १९४१ मध्ये अशी पहिली यादी काढली तेव्हा तिच्यात १,८०० च्या आसपास नावं होती. यादीत नाव आलं की अमेरिकन कंपन्यांशी व्यवहार बंद, मग बँक हात झटकते, मग जहाजवाला जागा देत नाही. माणूस जिवंत आणि धंदा मेलेला.

नावं मिळायची कुठून? पुष्कळशी पत्रांतून. बर्म्युडाच्या हॅमिल्टन प्रिन्सेस हॉटेलात ब्रिटिश टपाल तपासनीसांचं मोठं केंद्र होतं. अटलांटिक ओलांडणारी विमानं आणि जहाजं तिथं थांबत, टपालाच्या थैल्या खाली उतरत आणि शेकडो जणी, हो, बहुतेक बायकाच, पाकिटं खूण न ठेवता उघडून, वाचून, पुन्हा चिकटवून पुढे धाडत. चुलत बहिणीच्या लग्नाची हकिगत सांगणाऱ्या पत्रात मध्येच जहाजांची नावं का येतात, हे वाचणारीच्या ध्यानात यायला हवं. त्याला धाडस लागत नाही. लागतो तो शेकडो कंटाळवाणी पत्रं वाचल्यावरही न विझणारा संशय.

ऑगिल्वीनं या काळात लिहिलेलं एक टिपण मात्र त्याचं एकट्याचं म्हणावं असं आहे. गॅलपचं तंत्र गुप्त माहितीच्या कामात वापरावं, असा त्याचा प्रस्ताव होता. शत्रूच्या किंवा तटस्थ देशातल्या जनतेला काय वाटतं हे राजदूताच्या मेजवानीतल्या गप्पांवरून ठरवू नका, मोजा. आयझेनहॉवरच्या हाताखालच्या मानसशास्त्रीय युद्धविभागानं युद्धाच्या शेवटच्या वर्षात युरोपात यातल्या सूचना वापरल्या, अशी नोंद त्याच्या चरित्रांत सापडते. पूल उडवायला शिकलेल्या माणसाचं युद्धातलं मोठं काम म्हणजे हे टिपण.

इथं एक सावधगिरी. त्याच्या हेरगिरीबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच त्यानं स्वतः सांगितलेलं आहे, आणि तो हाडाचा विक्रेता होता. लाल अस्तराचा काळा झगा खांद्यावर टाकून न्यूयॉर्कच्या समारंभात शिरणारा माणूस आपलीच गोष्ट सपक सांगेल कशाला? पडताळायला कागद हवेत, तर युद्ध संपताना संघटनेनं आपलं दप्तर कॅम्प एक्सला हलवलं, त्यावरून एक अंतर्गत इतिहास लिहून घेतला, त्याच्या २० प्रती बांधल्या आणि मूळ कागद जाळले. तो इतिहास सर्वांना वाचायला मिळाला १९९८ साली.

अशाच कामावरून परतलेल्या पण अगदी उलट वळणाच्या एका माणसाची आठवण इथं येते. गॉर्डन वेल्चमन. केंब्रिजचा गणिती, ब्लेचली पार्क या सांकेतिक लिपी फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्रातल्या हट ६ या विभागाचा प्रमुख. जर्मन सैन्याचे आणि हवाई दलाचे एनिग्मा यंत्रावर सांकेतिक केलेले संदेश तिथं फोडले जात. सुरुवातीला त्याला संदेशांचा अर्थ लावायला नव्हे, तर त्यांच्यावरच्या खुणा बघायला बसवलं होतं. कुठलं केंद्र कुणाला हाक मारतं, किती वाजता, किती वेळा. मजकूर एक अक्षर कळत नसताना नुसत्या हाका जुळवून सैन्याची रचना उभी करता येते, हे त्याच्या ध्यानात आलं. युद्धानंतर हा माणूस लंडनच्या जॉन लुईस या दुकानसमूहात संशोधन संचालक झाला. बुद्धिबळपटू ह्यू अलेक्झांडर, ब्लेचलीतलाच, त्यानंही तिथं काम केलं होतं. कापडचोपड आणि भांडीकुंडी विकणाऱ्या कंपनीला सांकेतिक लिपी फोडणारे गणिती कशाला लागतात, असं वाटेल. पण दुकानातही तेच असतं की. कोण येतं, कधी येतं, काय उचलून परत ठेवतं.

१९४८ साली वेल्चमन अमेरिकेला गेला, संगणकाच्या आणि लष्करी संपर्कयंत्रणेच्या कामात रमला आणि गप्प राहिला. ब्लेचलीचं गुपित १९७४ मध्ये फुटलं, मग त्यानं आपली हकिगत लिहिली. ती १९८२ मध्ये छापून आल्यावर त्याची गोपनीय कामाची परवानगी काढून घेतली गेली. १९८५ मध्ये तो गेला. बहुतेक सगळा जन्म गप्प राहिलेल्या माणसाला शेवटी बोलल्याची शिक्षा. आणि त्याच १९४८ साली त्याच देशात दुसरा एक माजी हेर बोलण्याचं दुकान थाटत होता.

युद्धानंतर ऑगिल्वीनं काही काळ वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत काढला, मग पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात आमिश लोकांच्या शेजारी शेत घेतलं आणि तंबाखू लावला. शेती काही जमली नाही. तिथून न्यूयॉर्कला येऊन त्यानं मॅदर अँड क्राउदर आणि एस. एच. बेन्सन या दोन लंडनच्या एजन्सींच्या पाठबळावर नवी एजन्सी काढली. वय सदतीस, खिशात ६,००० डॉलर, आणि हातून एकही नाव घेण्याजोगी जाहिरात लिहिलेली नाही. अमेरिकन क्लायंटांना अमेरिकन चेहरा हवा म्हणून अध्यक्ष दुसराच नेमला, अँडरसन ह्युइट. ऑगिल्वीनं स्वतःकडे ठेवलं ते संशोधन.

मला वाटतं, त्याच्या बाकीच्या आयुष्याचा उलगडा यातच होतो. लोक त्याला कर्णा समजले, तो मूळचा कान होता. ती डोळ्यावरची पट्टी सुद्धा लहर नव्हती. ज्या चित्रात काहीतरी गोष्ट दडलेली आहे असं वाटतं, त्यावर वाचक जास्त रेंगाळतो, असं हॅरॉल्ड रुडॉल्फ नावाच्या संशोधकानं मोजून दाखवलं होतं. ते वाचून ऑगिल्वीनं शर्टवाल्या माणसासाठी गोष्टींची यादी केली, तीत ही पट्टी होती.

रोल्स-रॉइसचंही तसंच. १९५८ मध्ये ते काम हाती आल्यावर त्यानं तीन आठवडे नुसतं वाचन केलं, गाडीचे तांत्रिक अहवाल, परीक्षणं, मिळेल ते. त्यात एका मोटार-नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाचं निरीक्षण सापडलं, की ताशी साठ मैल वेगात या गाडीत सर्वात मोठा आवाज येतो तो विजेवरच्या घड्याळाचा. हेच त्यानं मथळ्यात घातलं. खाली एकामागून एक क्रमांक घालून नुसत्या वस्तुस्थिती, विशेषणांना जवळपास थारा नाही. असं सांगतात, की कंपनीच्या एका इंजिनियरनं जाहिरात वाचून मान हलवली आणि आता त्या घड्याळाचं काहीतरी केलं पाहिजे म्हणाला. (खडूसपणा करायचाच तर, १९३३ मध्ये पीअर्स-ॲरो या अमेरिकन गाडीच्या जाहिरातीत घड्याळाची टिकटिक येऊन गेलेली होती. चांगलं निरीक्षण दोनदा सुचू शकतं, किंवा एकदा सुचून दोनदा वापरलं जाऊ शकतं.) पण मला त्या मथळ्यापेक्षा ते तीन आठवडे मोलाचे वाटतात. शेकडो पत्रं वाचून एक ओळ बाजूला काढणाऱ्या बर्म्युडाच्या बायकांचीच ही जात.

एजन्सी वाढत गेली, जगभर पसरली. त्या भरभराटीचा हिशेब मला नीरस वाटतो, तो इतरत्र मिळेल. १९७३ मध्ये तो निवृत्त झाला. तरी १९८० च्या दशकात परत येऊन त्यानं काही काळ भारतातल्या कंपनीचं अध्यक्षपद सांभाळलं. १९८९ मध्ये मार्टिन सॉरेलच्या डब्ल्यूपीपी या जाहिरात-समूहानं ८६.४ कोटी डॉलर देऊन त्याची कंपनी घशात घातली. तोवर सॉरेलला छापता न येणाऱ्या शिव्या देणारा म्हातारा मग त्याच डब्ल्यूपीपीचा मानद म्हणावा असा अध्यक्ष होऊन बसला. शत्रूच्या गोटात जाऊन बसायची खोड जुनी, दुसरं काय.

त्याच्या साहेबगिरीतल्या दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. एक, रशियन बाहुल्या. संचालकांच्या बैठकीत प्रत्येकाच्या जागेसमोर त्यानं एकेक बाहुली ठेवली. उघडली की आत तिच्याहून लहान, तिच्या आत आणखी लहान. शेवटच्या, नखाएवढ्या बाहुलीला कागदाचा कपटा गुंडाळलेला. त्यावर अशा अर्थाचा मजकूर, की आपण दर वेळी स्वतःहून खुजी माणसं नेमली तर कंपनी खुज्यांची होईल, थोर नेमली तर थोरांची. निरोप सगळ्यात आतल्या बाहुलीच्या पोटाशी. सरळ बोलून दाखवता आलं असतं, पण जुन्या सवयी.

दुसरी गोष्ट, ७ सप्टेंबर १९८२ चं एक टिपण. कंपनीतल्या सर्वांना पाठवलेलं, विषय लेखन. दहा सूचना. कुठल्याही विषयावर दोन पानांहून जास्त लिहू नका. लिहिलेलं त्याच दिवशी पाठवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्यानं वाचा आणि मग दुरुस्त करा. भारदस्त, फुगीर शब्द टाळा. हे वाचताना मला जाहिरातवाला दिसतच नाही. दिसतो तो छत्तिसाव्या मजल्यावरचा माणूस, ज्याच्या टिपणावर कुणीतरी रात्रीतून निर्णय घेणार आहे आणि ज्याला वाचणाऱ्याचा दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही. दहावी सूचना सगळ्यात मजेची. काम व्हावं अशी खरंच इच्छा असेल तर लिहू नका, उठून जा आणि त्या माणसाला तोंडानं सांगा.

ही सूचना त्यानं स्वतः पाळली नाही. पाळता येण्यासारखीही नव्हती. १९६६ मध्ये त्यानं फ्रान्समध्ये, प्वातियेजवळ, तुफू नावाची जुनी गढी विकत घेतली होती आणि निवृत्तीनंतर तिथंच मुक्काम हलवला. विमानाची त्याला कायमची धास्ती. मग तिथूनच तो जगभरच्या कचेऱ्यांना लिहित राहिला. शाबासक्या, कानउघाडण्या, चौकश्या, नव्या माणसाबद्दलचं मत, कुठल्यातरी दूरच्या शाखेनं काढलेल्या जाहिरातीतल्या एका शब्दावरची तक्रार. कचेऱ्यांची उत्तरं यायची, त्यांना त्याची प्रत्युत्तरं जायची. गढीजवळ बॉन नावाचं छोटं गाव आहे. या एका माणसामुळे तिथलं टपाल इतकं वाढलं, की बॉनच्या टपाल कचेरीचा दर्जा वाढवावा लागला आणि पोस्टमास्तरचा पगारही. ऑगिल्वी २१ जुलै १९९९ रोजी तुफूतच वारला. त्यानंतर त्या पोस्टमास्तरचं काय झालं, हे मी बरंच शोधलं.